भट्टीत भाजलेले स्वावलंबन

'सिरॅमिक' म्हटले की चिनी मातीची कपबशी डोळ्यांपुढे येते. परंतु तारापूरच्या अणुभट्ट्यांतील इंधनही सिरॅमिकच होय. युरेनियम ऑक्साइडचे चूर्ण साच्यात दाबून बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या करतात व त्या सुमारे १,७०० अंश सेल्सिअसला भाजतात. चूर्ण वितळत नाही. कण परस्परांत सांधले जातात, पोकळ्या बुजतात आणि गोळी आकसून घट्ट होते. हेच सिंटरिंग.

या कारागिरीचे मोल राजकीयही आहे. १९६३ च्या करारान्वये तारापूरला समृद्ध युरेनियम पुरविण्याचे अमेरिकेने मान्य केले होते. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर तिने हात आखडता घेतला. १९८२ च्या समझोत्याने फ्रान्स पुढे आला. तो पुरवठाही १९९३ मध्ये संपला. तेव्हा भाभा अणुसंशोधन केंद्राने तारापूरलाच बनविलेले, प्लुटोनियम व युरेनियम यांच्या ऑक्साइडांचे मिश्र इंधन उपयोगी पडले. त्याचे काही संच त्या दशकात अणुभट्टीत वापरले गेले. पुढे चीन व रशिया यांच्याकडून युरेनियम घ्यावेच लागले, हे खरे. तथापि हाती पर्याय असताना केलेला सौदा आणि नाइलाजाने केलेली याचना यांत अंतर असते.

हे स्वावलंबन फुकट आलेले नाही. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. पालघर २०१४ साली जिल्हा झाला; त्याच्या तंत्रशिक्षणात चूर्ण, साचा व भट्टी यांच्या विद्येला मानाचे स्थान हवे. ज्यांनी जमीन दिली, त्यांच्या मुलांना केवळ कुंपणाबाहेरून दिवे पाहावयास लावणे न्यायाचे नव्हे.