रंगीत माशांचा दाखला कोणी द्यावा?

पनवेल तालुक्याच्या भूमीवर उभारलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. येथून कोणता माल जाईल-येईल याची चर्चा होत असताना एका मालाचा विचार आताच करून ठेवणे इष्ट ठरेल. तो माल म्हणजे काचेच्या टाकीत ठेवण्यासाठी पाळले जाणारे समुद्रातील रंगीत मासे. पाणी व प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून हा जिवंत माल जगभर मुख्यत्वे विमानानेच फिरतो.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २००३ सालच्या अहवालानुसार वर्षाकाठी २ कोटी ते २ कोटी ४० लाख सागरी मासे या व्यापारात येत आणि त्यांच्या जाती १,४७१ होत्या. गोड्या पाण्यातील शोभेचे बहुतेक मासे तळ्यांत व टाक्यांत पैदास केलेले असतात. सागरी मासे मात्र बव्हंशी प्रवाळांतून पकडून आणलेले असतात. फिलिपिन्स व इंडोनेशियात त्यासाठी सायनाइडचा फवारा मारण्याची पद्धत रूढ झाली. त्याने मासा गुंगतो, प्रवाळ मरतात आणि तो मासाही अनेकदा ग्राहकाच्या घरी पोहोचल्यावर मरतो.

दुकानातील दोन टाक्यांपैकी जाळ्याने पकडलेला मासा कोणता आणि विषाने पकडलेला कोणता, हे ग्राहकाला पाहून सांगता येत नाही. विक्रेत्याला माहिती आहे आणि ग्राहकाला नाही, अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्येच दाखवून दिले होते. यावर उपाय म्हणून १९९८ मध्ये मरीन ॲक्वेरियम कौन्सिल ही संस्था स्थापन झाली व २००१ मध्ये तिने प्रमाणपत्राची मानके जाहीर केली. हेतू उत्तम होता. परंतु ते दशक संपेपर्यंत ही योजना जवळजवळ थंडावली. दूरच्या बेटांवरील असंख्य गरीब कोळ्यांची पाहणी करणे खर्चाचे होते. ग्राहक दाखल्यासाठी जादा दाम मोजावयास तयार नव्हते आणि अनुदानावर उभा राहिलेला डोलारा अनुदानाबरोबरच खचला.

आपल्याकडे दाखल्याऐवजी बंदीवर भर राहिला. प्रवाळ व समुद्रघोडे यांना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले गेले, ते योग्यच झाले. तथापि २०१७ च्या मत्स्यालय-दुकानविषयक नियमांनी दीडशेहून अधिक जातींची विक्री निषिद्ध ठरविताना पकडलेला मासा आणि पैदास केलेला मासा यांत भेदच केला नाही. ते नियम पुढे मागे घ्यावे लागले, यात आश्चर्य नाही. जी बंदी प्रामाणिक उत्पादकालाही गुन्हेगार ठरविते, ती चोरट्या व्यापाऱ्याच्याच पथ्यावर पडते.

मग मार्ग कोणता? दाखला जेथे स्वस्तात पडताळता येतो तेथेच तो द्यावा. क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे. पनवेलहून फार दूर नसलेल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही या माशांच्या पैदाशीचे काम झाले आहे. राज्य शासनाच्या २०१७ च्या कांदळवन संवर्धन व उपजीविका योजनेत शोभिवंत मत्स्यपालनाला स्थान आहे. पैदास केंद्रातील मादी-नरांची जोडी, पिल्लांची नोंदवही आणि विक्रीची पावती एका निरीक्षकाला एका दिवसात तपासता येते. समुद्रात पकडलेल्या माशाचा माग असा काढता येत नाही.

प्रत्येक जातीची पैदास आज साधलेली नाही, हा आक्षेप खरा आहे. अशा जातींसाठी पकडीची मर्यादा ठरवावी आणि आयात खोक्यांवर लहानसे शुल्क आकारून तपासणीचा खर्च भागवावा. हा भार शौक करणाऱ्याने सोसावा, पोटासाठी समुद्रात उतरणाऱ्याने नव्हे.

विमानतळावर या मालाची वाट मोकळी करण्यापूर्वीच ही व्यवस्था व्हावयास हवी. एकदा धंदा रुळला की नियम धंद्याच्या मागे धावतात, हा आपला जुना अनुभव आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित करून महाराष्ट्राने आपले प्रवाळ राखण्याचे वचन दिले. दुसऱ्या देशाचे प्रवाळ उजाड करून आपल्या दिवाणखान्यांची शोभा वाढविणे त्या वचनाशी सुसंगत ठरणार नाही.