मते दिली; प्रतिनिधित्व कोठे आहे?

वसई-विरार शहर महानगरपालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी पार पडली व दुसऱ्या दिवशी मोजणी होऊन निकाल जाहीर झाले. ११५ जागांपैकी ७१ जागा बहुजन विकास आघाडीने व ४३ जागा भारतीय जनता पक्षाने मिळविल्या. उरली एक, ती अन्यत्र गेली. गुलाल उधळला गेला आणि प्रकरण मिटले असे दोन्ही बाजूंनी मानले. आम्ही तसे मानावयास तयार नाही. कोणता पक्ष जिंकला याचे आम्हांस सुख वा दुःख नाही. परंतु या शहरातील मतदाराने टाकलेले मत सभागृहापर्यंत पोहोचते की वाटेतच जिरून जाते, हा प्रश्न मात्र आमच्या जिव्हाळ्याचा आहे, आणि तो वाचकांपुढे मांडणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

प्रथम या नगराकडे पाहा. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची ५३ गावे एकत्र करून ही महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या शिरगणतीत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती. आज ती पुष्कळच अधिक असली पाहिजे. पश्चिमेच्या बागायती पट्ट्यात ख्रिस्ती वाड्या आहेत, पाचूबंदर-किल्लाबंदरास कोळीवाडे आहेत, पूर्वेस तुंगारेश्वराच्या पायथ्याशी आदिवासींचे पाडे आहेत, नालासोपाऱ्याच्या चाळींत चहूदेशींचे श्रमिक आहेत आणि या साऱ्यांमध्ये विखुरलेल्या आमच्या बौद्ध वस्त्या आहेत. यांतील कोणताही समूह सगळ्या शहरात बहुसंख्य नाही. परंतु ज्याला सांगावयाचे स्वतंत्र असे गाऱ्हाणे नाही, असाही एकही समूह येथे नाही.

आता मागील निकाल आठवा. २०१५ च्या निवडणुकीत याच ११५ जागांपैकी १०६ जागा एकाच आघाडीला मिळाल्या होत्या. म्हणजे शंभरातील ९२ जागा. वसईचे शेकडा ९२ मतदार एकाच मताचे होते, असे त्या आघाडीचे मित्रही छातीवर हात ठेवून म्हणणार नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच आघाडीने वसई व नालासोपारा या दोन्ही विधानसभेच्या जागा गमावल्या. वसईत तर तिरंगी सामना होऊन ३,१५३ मतांच्या फरकाने निकाल लागला; विजयी उमेदवाराच्या विरुद्ध पडलेली मते तिला पडलेल्या मतांहून कितीतरी अधिक होती. आणि त्यानंतर चौदा महिन्यांनी महानगरपालिकेत पुन्हा तीच आघाडी ७१ जागा घेऊन उभी राहिली. मतदारांचे मन बदलत असते, हे आम्ही जाणतो. परंतु मन चार बोटे हलले की सत्ता चार हात हलते, हा दोष मनाचा नसून मापाचा आहे. तराजूच खोटा असेल तर वाण्याला आणि गिऱ्हाइकाला दोष देऊन काय उपयोग?

तो तराजू कसा आहे तेही पाहू. यंदा शहराचे २९ प्रभाग पाडण्यात आले. त्यांपैकी २८ प्रभागांत प्रत्येकी चार व एका प्रभागात तीन सदस्य निवडावयाचे होते. एका प्रभागातून चार प्रतिनिधी जावयाचे म्हटल्यावर वाचकांस वाटेल की, चार निरनिराळ्या मतांच्या लोकांना त्यात वाव असेल. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. अ, ब, क, ड अशा चार जागा पाडून प्रत्येक जागेची स्वतंत्र लढत लावली जाते, आणि मतदाराने प्रत्येक लढतीत एकेक मत द्यावयाचे असते. परिणाम असा की, जो गट पहिली जागा जिंकू शकतो तोच दुसरी, तिसरी व चौथीही जिंकू शकतो.

उदाहरणादाखल एक प्रभाग कल्पू या. त्यात ४०,००० मतदारांनी मतदान केले. त्यांपैकी १६,००० एका पक्षाचे, १५,००० दुसऱ्या पक्षाचे आणि ९,००० अशा वस्त्यांतील की ज्यांना या दोहोंपैकी कोणीच आपला वाटत नाही. आजच्या रीतीने १६,००० वाल्यांस चारही जागा मिळतील, आणि उरलेल्या २४,००० मतदारांस शून्य. शेकडा ४० लोकांना शेकडा १०० प्रतिनिधित्व, ही लोकशाहीची कोणती व्याख्या आहे?

आता याच मतदाराला आपली चारही मते एका उमेदवारास देण्याची मुभा द्या. यालाच एकवट मतदान म्हणतात. त्या ९,००० मतदारांनी निर्धाराने आपली सर्व मते आपल्या एकाच उमेदवारास दिली तर त्याच्या पदरी ३६,००० मते पडतील. पहिल्या पक्षाने आपली ६४,००० मते दोघांत वाटली तर प्रत्येकी ३२,००० होतात. दुसऱ्याने ६०,००० मते दोघांत वाटली तर प्रत्येकी ३०,०००. निकाल काय लागेल? वस्त्यांचा एक, पहिल्या पक्षाचे दोन व दुसऱ्या पक्षाचा एक. कोणी उपाशी नाही व कोणी अजीर्णाने आजारी नाही. यात कोणाच्या जातीची नोंद घ्यावी लागली नाही, की कोणासाठी वेगळी मतदारयादी करावी लागली नाही. चार जागांच्या प्रभागात पाचव्या हिश्शाहून अधिक मतदार एकजुटीने उभे राहिले तर त्यांची एक जागा कोणीही हिरावू शकत नाही, एवढाच या पद्धतीचा साधा हिशेब आहे.

ही कल्पना परदेशातून उसनी आणलेली आहे असे कोणी समजू नये. याच मुंबई इलाख्यात १९३७ च्या निवडणुकीत अनेक सदस्यांच्या मतदारसंघांतून एकवट मतदानाची पद्धत चालली होती. पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले होते. राखीव जागेवरील उमेदवाराच्या नाड्या बहुसंख्याकांच्या हाती जाणार हे उघड होते. अशा वेळी या पद्धतीने दलित मतदाराच्या हाती एक शस्त्र दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईतून काँग्रेसचे उमेदवार पाळवणकर बाळू यांचा पराभव करून निवडून आले, आणि स्वतंत्र मजूर पक्षाने उभ्या केलेल्या १७ उमेदवारांपैकी बहुतेक विजयी झाले.

यानंतर १९५२ साल आठवा. उत्तर मुंबईचा मतदारसंघ दोन सदस्यांचा होता. मतदारास दोन मते होती. परंतु दोन्ही मते एकाच उमेदवारास देण्यास कायद्याने मनाई होती. आमच्या माणसाने आपले एक मत बाबासाहेबांना दिले, पण दुसरे देता आले नाही. दुसऱ्या बाजूने मते कुजविण्याचा प्रचार झाला. सुमारे ७४ हजार मते बाद झाली, आणि राज्यघटनेचा शिल्पकार सुमारे १४ हजार मतांनी पराभूत झाला. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी व अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज केला. तो फेटाळला गेला. माणूस तोच, शहर तेच. १९३७ ची पद्धत आणि १९५२ ची पद्धत यांत जे अंतर होते, ते आमच्या समाजाने आपल्या अंगावर सोसले आहे. म्हणून मतदानाच्या पद्धतीचा विषय रुक्ष आहे असे आम्हांस तरी कोणी सांगू नये.

बाबासाहेबांचे यावरील मत काय होते? येथे आम्हांस प्रामाणिकपणे सर्व बाजू सांगितली पाहिजे. जानेवारी १९४९ मध्ये घटना समितीत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना आली तेव्हा त्यांनी तिला विरोध केला होता. जनता निरक्षर आहे, ही पद्धत तिला पेलणार नाही, आणि विधिमंडळ अनेक गटांत विभागले जाऊन सरकार स्थिर राहणार नाही, अशी त्यांची कारणे होती. परंतु पुढील सहा वर्षांचा अनुभव घेतल्यावर, १९५५ मध्ये भाषिक राज्यांसंबंधीच्या आपल्या ग्रंथात, अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी त्यांनीच दोन किंवा तीन सदस्यांचे मतदारसंघ व एकवट मतदान हा उपाय सुचविला. एकसदस्य मतदारसंघाच्या जागी तो आणावा, असे त्यांचे स्पष्ट म्हणणे होते.

१९४९ ची कारणे आज महानगरपालिकेस कितपत लागू पडतात, ते पाहावे. १९५१ मध्ये देशात शंभरात १८ लोक साक्षर होते. २०११ मध्ये महाराष्ट्रात शंभरात ८२ झाले. राहिला स्थैर्याचा प्रश्न. महानगरपालिकेत मंत्रिमंडळ नसते. कारभाराची सूत्रे आयुक्ताच्या हाती असतात, आणि महापौराची मुदत अडीच वर्षांची ठरलेली असते. चार गट सभागृहात आले म्हणून पाण्याचा पंप बंद पडत नाही. उलट, प्रश्न विचारणारे कोणी नसले म्हणजे काय होते हे या शहराने पाहिले आहे. जून २०२० पासून जानेवारी २०२६ पर्यंत, साडेपाच वर्षे, येथे निर्वाचित सभागृहच नव्हते. याच काळात, २०२५ च्या आरंभी, नालासोपाऱ्यातील ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या आणि हजारो माणसे रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारमध्ये इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. आणि त्यापूर्वी, २०१५ मध्ये निवडून आलेल्या सभागृहात विरोधकांचे बळ किती होते? ११५ मध्ये नऊ. गरिबाच्या डोक्यावरील छप्पर आणि त्याचे मत यांचा संबंध हा असा आहे.

आणखी एक गंमत वाचकांच्या ध्यानात आणून देतो. प्रमाणशीर प्रतिनिधित्व आपल्या राज्यकर्त्यांस अपरिचित नाही. ते त्यांनी आपल्यापुरते राखून ठेवले आहे. राष्ट्रपतीची निवडणूक त्या पद्धतीने होते. आमदार राज्यसभेचे सदस्य निवडतात ते त्याच पद्धतीने. महानगरपालिकेतही स्थायी समितीच्या जागा कायद्याप्रमाणे पक्षांच्या बळाच्या प्रमाणात वाटावयाच्या असतात. १६ जणांच्या समितीत ७१ व ४३ या बळाने हिशेब केला तर १० व ६ येतात. एकाने १६ च्या १६ घ्यावयाच्या, असे तेथे कोणी म्हणत नाही. नगरसेवकाला जो न्याय मिळतो तो त्याला निवडणाऱ्या मतदाराला का मिळू नये?

जगात इतरत्र हा न्याय सामान्य मतदारास मिळालेला आहे. स्कॉटलंडच्या स्थानिक मंडळांच्या निवडणुका २००७ पासून प्रमाणशीर पद्धतीने होतात. अमेरिकेतील अलाबामा राज्यात चिल्टन नावाच्या परगण्यात निग्रो जनता आठव्या हिश्शाच्या आसपास होती व तिचा एकही माणूस परगण्याच्या मंडळावर जात नसे. १९८८ मध्ये तेथे सात जागांसाठी एकवट मतदान सुरू झाले. त्या जनतेने आपली सातही मते आपल्या एका उमेदवाराला दिली, आणि तो नुसता निवडून आला नाही तर सर्वांत अधिक मते घेऊन आला.

कोणी म्हणेल, राखीव जागा आहेत ना? आहेत, आणि त्या राहिल्याच पाहिजेत. एकवट मतदानात त्या ठेवता येतात, हे १९३७ नेच दाखविले आहे. परंतु राखीव जागा माणूस पाठविते. त्याचा आवाज कोणाचा हे ठरविते ते त्याला निवडणारे बहुमत. ज्याचे तिकीट व ज्याची मते दुसऱ्याच्या हाती, त्याची जीभही दुसऱ्याच्याच हाती, हा पुणे कराराचा धडा आम्ही विसरलेलो नाही.

कोणी असेही म्हणेल की, घटना आड येईल. आमच्या समजुतीप्रमाणे ती येत नाही. ७४ व्या दुरुस्तीने नगरपालिकांच्या जागा प्रभागांतून प्रत्यक्ष निवडणुकीने भराव्यात असे सांगितले आहे. मते कशी द्यावी व मोजावी हे ठरविण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाकडे ठेवला आहे. त्या विधिमंडळाने २००२ मध्ये तीन सदस्यांचा, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा व २०१७ मध्ये चौघांचा प्रभाग केला. सत्तेच्या सोयीसाठी एवढी उलथापालथ होऊ शकते, तर न्यायासाठी कायद्यात एक वाक्य का घालता येऊ नये? चार सदस्यांचा प्रभाग आहेच. मतदाराने आपली चारही मते हवी तशी वाटावी, एवढीच आमची मागणी आहे.

मात्र शेवटी वाचकांस एक कटू गोष्ट सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. उद्या ही मागणी मान्य झाली तर तिचा लाभ आम्हांस होईलच अशी खात्री आज देता येत नाही. एकवट मतदान हे एकवटलेल्या लोकांचे शस्त्र आहे. वरच्या उदाहरणातील ९,००० मतदारांनी तीन उमेदवार उभे केले तर प्रत्येकाच्या वाट्यास १२,००० मते येतील व तिघेही पडतील. त्या वेळी दोष कायद्यावर ढकलता येणार नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची पुढे किती शकले झाली हे आम्ही नव्याने सांगावयास नको. एका वस्तीत एकाच विहाराखाली बसणारी माणसे तीन नेत्यांच्या तीन पाट्या लावून बसतात, हे दृश्य वसईतही दुर्मिळ नाही.

ज्या भूमीवर आपण राहतो ती प्राचीन शूर्पारक आहे. येथील स्तूप १८८२ मध्ये उत्खननातून उजेडात आला, अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे येथेच सापडले. त्या काळच्या भिक्षुसंघात मतभेद झाला की शलाका वाटून मते घेत, आणि ती घेणारा भिक्षू पक्षपात, द्वेष, मोह व भय यांपासून मुक्त असावा असा नियम होता. मत मोजण्याच्या रीतीतही नीती असते, हे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते.

तेव्हा वाचकहो, आपल्या प्रभागातून जे चार निवडून गेले आहेत, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांच्याकडे जा. एकवट मतदानासाठी महानगरपालिकेने ठराव करून तो राज्य शासनाकडे पाठवावा, अशी लेखी मागणी करा. त्यांच्यासाठी हे कठीण आहे, कारण आजच्या पद्धतीनेच ते निवडून आलेले आहेत; परंतु २०१५ मध्ये जे १०६ होते ते २०२६ मध्ये ७१ झाले, हे त्यांना आठवण करून द्या. आज फायद्याचा वाटणारा तराजू उद्या कोणाच्या हाती जाईल, हे कोणीच सांगू शकत नाही. आणि पुढील निवडणूक येईपर्यंतच्या पाच वर्षांत आपल्या वस्तीत एक उमेदवार एकमताने ठरविण्याची सवय लावून घ्या. कायदा बदलणे आपल्या एकट्याच्या हाती नाही. एक होणे मात्र सर्वस्वी आपल्याच हाती आहे.