संशयाला झोपेची गोळी नाही

‘छातीत धडधडतं, रात्री दोनला जाग येते, अन्नावर वासना नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या काही पेशंटांचा आजार छातीतही नसतो आणि पोटातही नसतो. ब्लडप्रेशर घ्यावे, कार्डिओग्राम काढावा, हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासावे, सारे ठीक निघते. मग सोबतच्या माणसाला बाहेर बसवून ‘घरी काही काळजी?’ असे विचारले की पदराशी चाळा करत उत्तर येते, ‘ह्यांच्या ऑफिसात एक बाई आहेत.’ पुरुषांचे उत्तर यायला जास्त दिवस लागतात. ते आधी ‘गॅसेस’ घेऊन येतात आणि तिसऱ्या खेपेला बायकोच्या बँकेतल्या कुणा साहेबांचा विषय काढतात.

यात हसण्यासारखे काही नाही. मनाला धोका वाटला की शरीर समोर वाघ उभा असल्यासारखे वागते. ॲड्रिनॅलिन वाढते, हृदय धावते, तोंडाला कोरड पडते. वाघ निघून गेला तर हे थोड्या वेळात निवळते. पण सहकाऱ्याचा फोन रोज साडेनऊला येणारच असेल, तर हे शरीरही रोज साडेनऊला कामाला लागते. मधुमेह्यांची साखर अशा दिवसांत वर राहते आणि घरचे मात्र बिचाऱ्याच्या पथ्यावर शंका घेतात.

अशा वेळी पेशंटला हवी असते झोपेची गोळी. मी ती सहसा देत नाही. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या काही आठवडे रोज घेतल्या की सवय लागते आणि एकदम बंद केल्या तर झोप आणखी बिघडते. १ मार्च २०१४ पासून या गोळ्या एच-१ परिशिष्टात आहेत. दुकानदाराने चिठ्ठी पाहून रजिस्टरात नोंद करायची असते. तरीही शेजारणीच्या पाकिटातली अर्धी गोळी घराघरांतून फिरत असतेच!

आता मुद्द्याचे. सहकाऱ्याशी मैत्री होणे ही नोकरीतली साधी गोष्ट आहे. दोन शिक्षक रोज एकाच एस.टी.ने अप-डाऊन करतात, एकाच हेडमास्तरांची बोलणी खातात, डब्यातली भाजी वाटून घेतात. दहा वर्षे अशी काढल्यावर एकमेकांविषयी जिव्हाळा वाटला नाही तरच नवल. त्यातला एक पुरुष आणि एक स्त्री आहे म्हणून त्याला लगेच दुसरे नाव देऊ नये. आपल्या गावांना ती घाई फार. मात्र काळजी करणाऱ्याला ‘तू संशयीच आहेस’ म्हणून गप्प बसवणे हाही अन्यायच. मैत्री लपवली जाऊ लागली, साधा प्रश्न विचारला तरी माणूस अंगावर येऊ लागला, तर जोडीदार अस्वस्थ होणारच. त्याला वेड म्हणत नाहीत.

माझ्या अनुभवात बहुतेक घरांतले दुखणे याच्याही अलीकडचे असते. नवरा ऑफिसातल्या बाईंना सगळे सांगतो. साहेबांनी केलेला अपमान, कर्जाचा हप्ता, आईचे गुडघे. घरी आल्यावर मात्र ‘जेवायला वाढ’ एवढेच. एका बाईंनी सांगितलेले अजून लक्षात आहे. त्यांचा त्या सहकारी बाईवर राग नव्हता. नवऱ्याचे प्रमोशन हुकल्याचे आपल्याला आठवड्याने शेजाऱ्यांकडून कळले आणि तिला त्याच दुपारी ठाऊक होते, हे त्यांना लागले होते. असे असेल तर दोघांनी बसून बोलावे. तेही ‘तुमचं काय चाललंय’ इथून नव्हे, ‘मला कशाचं वाईट वाटतं’ इथून. मुलांसमोर नको, सासूबाईंसमोर नको आणि रात्री अकरानंतर तर नकोच. मोबाईल चोरून पाहू नये, ऑफिसच्या शिपायाकडे चौकशी करू नये. त्याने घरातली गोष्ट चहाच्या टपरीवर जाते. बायकोला नोकरी सोडायला लावणे हा तर उपचारच नव्हे. तिचा पगार जातो, मान जातो. संशय घरातच राहतो आणि उद्या दूधवाल्यावर जाऊन बसतो.

गोविंद बल्लाळ देवलांनी हा विषय दोन नाटकांत हाताळला. ‘संशयकल्लोळ’मध्ये एका तसबिरीच्या घोटाळ्यावरून नवरा-बायको एकमेकांवर संशय घेतात आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. त्यांचेच १८९० चे ‘झुंझारराव’ हे शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून घेतलेले, त्यात निरपराध बायकोचा जीव जातो. डॉक्टर म्हणून मला भीती या दुसऱ्या नाटकाची वाटते. संशयाच्या एका आजाराला मानसोपचारात ऑथेल्लोचेच नाव आहे. त्यात पुरावा लागत नाही आणि पुराव्याने समाधानही होत नाही. बायको पाच मिनिटे उशिरा आली की कपडे तपासणे, रात्रभर तोच प्रश्न विचारून कबुली मागणे, तिच्या मागावर राहणे, आणि मग हात उगारणे. वर्षानुवर्षे दारू पिणाऱ्यांत हा आजार आढळतो. म्हातारपणी स्मृतिभ्रंशात आणि पार्किन्सनच्या काही औषधांनीही होतो. सत्तरीचे आजोबा एकाएकी आजीवर आळ घेऊ लागले, तर तो ‘चळ’ नसून मेंदूचा आजार असू शकतो. दारू सोडवून, औषधे बदलून, मानसोपचारतज्ज्ञांचा इलाज घेऊन फरक पडतो.

अशा घरातल्या बाईला ‘सहन कर, होईल कमी’ असा सल्ला कृपा करून कोणी देऊ नये, माहेरच्यांनी तर नाहीच. मारहाण सुरू झाली असेल तर आधी तिने सुरक्षित जागी जावे, उपचाराचे नंतर पाहू. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला संरक्षण मागता येते. मानसोपचारतज्ज्ञ जवळपास नसतील तर सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. नंबर १४४१६, फोन मोफत, दिवसा-रात्री केव्हाही लागतो आणि मराठीत बोलता येते.

नवरा दवाखान्यात यायला तयार नसतो, ही नेहमीची अडचण. ‘मला काय झालंय?’ असे तो विचारतो. अशा वेळी बायकोने एकटीने यावे. केसपेपर मी तिच्या नावाने काढतो, तिच्या झोपेपासून सुरुवात करतो. पुढच्या खेपेला ‘बीपी बघायचंय’ म्हणून नवऱ्यालाही बोलावून घेता येते.