तंबूतला टीव्ही आणि 'रातभर चालेल'चा सौदा

जेथे विजेचा खांब पोहोचलेला नाही तेथेही माणसाला टीव्ही हवा असतो, आणि जेथे गरज आहे तेथे धंदा आहे. पवना धरणाच्या काठी, भंडारदऱ्याला, कोकणच्या किनाऱ्यावर आज तंबू ठोकून पर्यटकांना उतरवणारे अनेक आहेत. क्रिकेटचा सामना असला की तंबूत उतरलेले गिऱ्हाईक पहिला प्रश्न टीव्हीचा विचारते. उरुसात, जत्रेत आठ-आठ दिवस पाल टाकून बसणारे आपले व्यापारी बंधू आहेत. दिवाळीच्या सुमारास बीडकडून निघून साखर कारखान्यांच्या शिवारात चार-पाच महिने कोपीत राहणारे ऊसतोड कामगार आहेत. या सगळ्यांना बॅटरी, वायर, इन्व्हर्टर, सोलर पॅनल पुरवणारे आणि जोडून देणारे कोण? बहुतेक ठिकाणी गाडीची वायरिंग करणारा, बॅटरी चार्ज करणारा, टीव्ही दुरुस्त करणारा कारागीर. या धंद्यात आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत, म्हणून हा विषय या पानावर घेण्याची गरज आम्हाला वाटली.

विजेविना टीव्ही चालवण्याची कल्पना नवी नाही. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर रामायण लागत असे, १९९० मध्ये टिपू सुलतानची मालिका लागली, तेव्हा वीज नसलेल्या किंवा ऐनवेळी जाणाऱ्या कितीतरी गावांत ट्रॅक्टरची बॅटरी काढून तिच्यावर १४ इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही लावला जात होता. त्या काळात चार्जिंगच्या दुकानात रविवारच्या आधी बॅटऱ्यांची रांग लागत असे. तेव्हा पर्याय कमी होते, त्यामुळे फसवणुकीलाही जागा कमी होती. आज बाजारात दहा प्रकारच्या बॅटऱ्या आणि वीस प्रकारचे इन्व्हर्टर आहेत. गिऱ्हाईक गोंधळलेले आहे, आणि त्या गोंधळाचा फायदा एका वाक्याने घेतला जातो : "घेऊन जा साहेब, रातभर चालेल."

आमचा आक्षेप नेमका या वाक्याला आहे. कापड मीटरने विकले जाते, साखर किलोने विकली जाते, दूध लिटरने विकले जाते. मग वीज साठवणारी वस्तू अंदाजाने का विकली जावी? तिलाही माप आहे आणि ते माप पाचवी शिकलेला कारागीरही काढू शकतो. जो दुकानदार हे माप गिऱ्हाइकासमोर काढत नाही तो नकळत का होईना पण कमी तोलून देतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

माप कसे काढावे

टीव्हीच्या मागच्या पट्टीवर किती वॅट ते छापलेले असते. २४ इंची एलईडी टीव्ही साधारण ३० वॅट घेतो असे धरू. सेट टॉप बॉक्सचे १० वॅट धरले की ४० वॅट झाले. टी-ट्वेंटीचा सामना सुमारे ४ तास चालतो. ४० गुणिले ४ म्हणजे १६० वॅट-तास. एवढी वीज पडद्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

आता बॅटरीकडे या. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास असे लिहिलेल्या बॅटरीत १२ गुणिले १०० म्हणजे १२०० वॅट-तास भरतात. पण ॲसिडची बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली तर ती लवकर मरते. निम्मी वापरावी आणि निम्मी राखावी, हा तिच्या दीर्घ आयुष्याचा नियम. तेव्हा १६० वॅट-तास हवे असतील तर बॅटरी ३२० वॅट-तासांची पाहिजे. १२ ने भागले की २७ अँपिअर-तास येतात. मध्ये इन्व्हर्टर घातला तर शंभरातले १०-१५ भाग तो उष्णतेत घालवतो. मग १६० चे १९० होतात आणि बॅटरी ३२ अँपिअर-तासांची लागते. म्हणजे ४० ची बॅटरी दिली तर गिऱ्हाइकाचे काम निर्वेध होते. हाच टीव्ही ३२ इंची असला आणि बॉक्ससह ६५ वॅट धरून ६ तास चालवायचा असला, तर ३९० वॅट-तास लागतात. इन्व्हर्टरचे नुकसान धरून ४६०, दुप्पट केले की ९२०, आणि १२ ने भागले की ७७. तेथे १०० चीच बॅटरी द्यावी लागेल. एवढाच हा हिशेब आहे. तो कागदाच्या चिठ्ठीवर मावतो.

इन्व्हर्टर लागतोच का?

अनेक लहान एलईडी टीव्ही बाहेरच्या अडॅप्टरवर चालतात आणि त्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलेले असते. बऱ्याच सेट टॉप बॉक्सचेही तसेच आहे. डीडी फ्री डिशची छत्री लावली तर तिच्यावरच्या एलएनबीला बॉक्सकडूनच वीज मिळते, तिला वेगळी काही लागत नाही. अशा ठिकाणी बॅटरीचे १२ व्होल्ट इन्व्हर्टरने २३० करायचे आणि अडॅप्टरने पुन्हा १२ वर आणायचे, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? थेट जोडणी स्वस्त पडते आणि बॅटरीही जास्त वेळ पुरते.

मात्र येथे कारागिराचे ज्ञान लागते. चार्ज होत असताना १२ व्होल्टची बॅटरी १४ व्होल्टच्या वर जाते. प्रत्येक टीव्ही एवढे सोसेलच असे नाही. म्हणून मध्ये १२ व्होल्ट कायम राखणारा छोटा कन्व्हर्टर बसवावा. ज्या टीव्हीवर १९ व्होल्ट लिहिले आहे त्याला व्होल्ट वाढवणारा कन्व्हर्टर लागतो. उलटसुलट जोडणी होऊ नये म्हणून लाल-काळ्या वायरचे सॉकेट पक्के करून द्यावेत. ज्या टीव्हीला थेट २३० व्होल्टच लागतात त्याला इन्व्हर्टर द्यावा, पण त्याच्या मापाचा द्यावा. ४० वॅटच्या टीव्हीला घरगुती वापराचा मोठा इन्व्हर्टर विकणे म्हणजे एका माणसाला नेण्यासाठी ट्रक भाड्याने देणे होय. मोठा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी दहा-पंधरा वॅट स्वतःच खातो.

वायर आणि फ्यूज

काटकसर करण्याची सर्वांत वाईट जागा म्हणजे वायर. २३० व्होल्टवर ४८ वॅटचा टीव्ही जेमतेम ०.२ अँपिअर ओढतो, १२ व्होल्टवर तोच ४ अँपिअर ओढतो. म्हणजे करंट सुमारे वीसपट. घरातल्या दिव्याची दीड एमएमची तांब्याची वायर १० मीटर नेली तर जाऊन-येऊन २० मीटर होते आणि वाटेतच जवळपास १ व्होल्ट गळतो. बॅटरी भरलेली असूनही टीव्ही बंद पडतो, मग गिऱ्हाईक बॅटरीला शिव्या देते. ४ एमएमची वायर वापरली तर हीच गळती अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. बॅटरी टीव्हीजवळ ठेवली तर त्याहून बरे.

बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला लागूनच फ्यूज हवा. १२ व्होल्टने माणसाला झटका बसत नाही, म्हणून अनेकजण बेफिकीर राहतात. पण शॉर्ट झालेली बॅटरी क्षणात वायर लाल करते आणि तंबू कापडाचा असतो, पालावर ताडपत्री असते, कोपी पाचटाची असते. वर ज्या टिपू सुलतानच्या मालिकेचा उल्लेख केला, तिच्याच चित्रीकरणाच्या वेळी ८ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत आग लागली आणि ६० हून अधिक माणसे प्राणाला मुकली. सैल वायरिंग हे तिच्या कारणांपैकी एक सांगितले गेले. फ्यूज काही रुपयांना मिळतो. तो न लावता माल देणाऱ्याला आम्ही कारागीर म्हणणार नाही.

गाडी, जनरेटर आणि सूर्य

काहीजण गाडीच्या बॅटरीवरच टीव्ही लावण्याचा सल्ला देतात. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांच्या आसपास असते आणि ती इंजिनाला एक जोरदार धक्का देण्यासाठी बनवलेली असते, तासन् तास हळूहळू रिकामी होण्यासाठी नव्हे. सामना संपतो आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. रोजच्या वापराला ट्यूब्युलर किंवा सोलरसाठी बनवलेली बॅटरी द्यावी. ज्याला सामान पाठीवर किंवा डोंगरावर न्यायचे आहे त्याला लिथियम फॉस्फेटची बॅटरी सुचवावी. १०० अँपिअर-तासांची ॲसिड बॅटरी ३० किलोच्या आसपास भरते, लिथियमची त्याच्या निम्म्याहून कमी भरते आणि तिच्यातले शंभरातले ८० भाग बिनधास्त वापरता येतात. किंमत जास्त आहे, हेही सांगावे.

जनरेटर ४० वॅटच्या टीव्हीसाठी लावणे हा पेट्रोलचा अपव्यय आहे आणि त्याच्या आवाजात सामन्याची कॉमेंटरीही ऐकू येत नाही. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. पावसात भिजू नये म्हणून जनरेटर तंबूच्या आत किंवा दाराशी ठेवला तर आत झोपलेली माणसे झोपेतच जाऊ शकतात. जनरेटर भाड्याने देणाऱ्याने ही सूचना तोंडी आणि लेखी, दोन्ही प्रकारे दिलीच पाहिजे.

सोलर पॅनलबाबत अतिशयोक्ती सर्वांत जास्त होते. १०० वॅटचे पॅनल दिवसभर १०० वॅट देत नाही. स्वच्छ उन्हात, नीट कोन साधला तर दिवसाला साधारण ४०० वॅट-तास मिळतात. वरच्या २४ इंची टीव्हीच्या रोजच्या ४ तासांना चार्जिंगचे नुकसान धरूनही ते पुरतात. पावसाळी ढगात मात्र याच्या पाव भागावर समाधान मानावे लागते. जूनमध्ये काजवे पाहायला येणाऱ्या पर्यटकांसाठी तंबू लावणाऱ्याला पॅनलच्या भरवशावर सोडू नये, त्याला भरलेली बॅटरी भाड्याने द्यावी. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर नसेल तर तो सौदा अपुरा समजावा.

जुनी बॅटरी

या धंद्याचे दुसरे टोक भंगाराचे आहे आणि तेथेही आपले बंधू आहेत. ॲसिड बॅटरीतले शिसे पुन्हा पुन्हा वापरता येते, म्हणून जुन्या बॅटरीला चांगला भाव मिळतो. २००१ च्या नियमांनी वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी विक्रेत्यांवरही टाकली होती. २०२२ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले आणि बॅटरी गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची मुख्य जबाबदारी उत्पादकांवर आली. जुनी बॅटरी नोंदणीकृत ठिकाणीच द्यावी. घरामागे भट्टी लावून शिसे वितळवणाऱ्याच्या स्वतःच्याच मुलांच्या मेंदूवर त्या धुराचा परिणाम होतो. चार पैशांसाठी एवढी किंमत कोणी मोजू नये.

याहून लाजिरवाणा एक प्रकार आहे. भंगारात आलेली बॅटरी धुऊन-पुसून, रंग देऊन ऊसतोड कामगाराला "चांगली आहे" म्हणून विकायची. पर्यटकांच्या तंबूचा मालक दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन भांडायला येईल. कोपीतला माणूस येणार नाही, कारण त्याची टोळी तोवर पुढच्या फडावर गेलेली असते. जो परत येऊन भांडू शकत नाही त्याच्याशी केलेला सौदाच दुकानदाराची खरी परीक्षा असते. जुनी बॅटरी विकण्यात गैर काही नाही. पण भरल्यावर काही तास तशीच ठेवून मीटर लावावा. सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते का ते पाहावे, मग लोड देऊन ती किती वेळ टिकते ते मोजावे आणि तेवढेच सांगावे.

एक चिठ्ठी

आमची सूचना साधी आहे. या कामातल्या प्रत्येक दुकानदाराने आणि कारागिराने मालासोबत एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर पाच ओळी असाव्यात : किती वॅटचा टीव्ही, किती तास, किती अँपिअर-तासांची बॅटरी, कोणत्या जाडीची वायर, कितीचा फ्यूज. खाली तारीख आणि सही. "शेजारचा दुकानदार रातभर चालेल म्हणतो, मग माझ्याकडे कोण येईल?" असा प्रश्न काहीजण विचारतील. पहिल्या दिवशी गिऱ्हाईक कदाचित शेजारच्याकडे जाईल, हे आम्ही मान्य करतो. पण सामन्याच्या शेवटच्या षटकात टीव्ही काळा पडला की त्याला तुमची चिठ्ठी आठवेल. तंबूवाला एकटा नसतो, त्याच्या शेजारी दहा तंबूवाले असतात. उरुसात एका पालावरची बातमी रात्रीतून सगळ्या पालांवर पोहोचते.

हुन्नर आपल्या हातात पिढ्यान् पिढ्या आहे. त्याला पेन्सिल आणि कागदाची जोड द्यायची आहे. गिऱ्हाइकाला तास सांगायचे तर मोजून सांगा, आणि जेवढे सांगितले तेवढे भरून द्या.