जन्मतारखेला घड्याळ लावू नका

मराठवाड्यातल्या जुन्या शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे चाळली तर 1 जून ही जन्मतारीख पानोपानी भेटते. घरी जन्माची नोंद नसायची, शाळा जूनमध्ये भरायची, गुरुजी वयाचा अंदाज घेऊन 1 जून लिहून मोकळे व्हायचे. तीच तारीख पुढे दाखल्यावर, आधार कार्डावर, सेवापुस्तकात उतरली आणि कागदोपत्री खरी ठरली. निष्काळजीपणे लिहिलेल्या ऑनलाइन अर्जात मात्र याच तारखेचा 31 मे होतो.

हे घडते कसे? अर्जदार कॅलेंडरवर 1 जून निवडतो. प्रोग्राम त्या तारखेला मध्यरात्रीचे बारा चिकटवतो, मग ती वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये बदलतो. आपले घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्याने तिथे तेव्हा 31 मेचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. शेवटी वेळ छाटून नुसती तारीख साठवली जाते, ती 31 मे. यूटीसीवर लावलेल्या यंत्रावर चाचणी घेतली तर ही चूक दिसतच नाही. उलट प्रकारही आहे. जावास्क्रिप्ट नुसती तारीख वाचताना ती यूटीसीची मध्यरात्र समजते. इथे पहाटेचे साडेपाच म्हणून दिवस बदलत नाही, पण न्यू जर्सीत बसून आईवडिलांचा अर्ज भरणाऱ्या मुलीला पडद्यावर आदला दिवस दिसतो.

एका दिवसाने काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांनी निवृत्तीचा नियम पाहावा. सरकारी कर्मचारी वयोमर्यादा ज्या महिन्यात गाठतो त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, पण जन्म महिन्याच्या 1 तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. म्हणजे 2 जूनची 1 जून झाली की पूर्ण एक महिन्याची नोकरी गेली. 1 जूनची 31 मे झाली तर निवृत्तीचा दिवस बदलत नाही, पण दाखल्याशी तारीख जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो आणि सत्तरीचा माणूस पुन्हा सेतू केंद्राच्या रांगेत उभा राहतो.

जन्मतारीख हा दिवस आहे, क्षण नव्हे. तिला वेळ नसते, म्हणून वेळक्षेत्रही नसते. ती डेटाबेसमध्ये नुसती तारीख म्हणूनच ठेवली पाहिजे. पैसे कधी भरले, अर्ज कधी दाखल झाला, हे खरे क्षण. ते यूटीसीत साठवावेत आणि दाखवताना भारतीय वेळेत दाखवावेत. एवढा भेद सुरुवातीला केला तर वरची सगळी गडबड टळते.

दुसरे दुखणे 01/06 या लिखाणाचे. आपण 1 जून वाचतो, अमेरिकी मांडणीचा प्रोग्राम 6 जानेवारी. तारीख 13 किंवा पुढची असेल तर यंत्र निदान अडते. पण वर्षातले 132 दिवस असे आहेत की दोन्ही वाचने वैध ठरतात आणि चूक बिनबोभाट साठवली जाते. पडद्यावर महिना अक्षरांत लिहिणे हा सोपा उपाय. मराठी मांडणी निवडली की ब्राउझर सहसा देवनागरी अंक दाखवतो, तेही चांगलेच. फक्त कुणी तेच अंक टाइप केले तर जावास्क्रिप्ट त्यांना संख्या मानत नाही. पायथन मानते. मराठी अर्जाने मराठी अंक नाकारणे हे मात्र अक्षम्य आहे.

छत्रपती संभाजीनगरला या प्रश्नाचा आणखी एक पदर आहे. निजामी अमदानीतल्या महसुली कागदांवर फसली सन आहे. हैदराबाद जमीन महसूल कायदा 1317 फसलीचा, म्हणजे 1907-08चा. न्या. संदीप शिंदे समितीने 2023पासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी मराठवाड्यातली जुनी दप्तरे उघडली आणि उर्दू, मोडी कागद पुन्हा चर्चेत आले. हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई, त्यामुळे नुसत्या सनावरून इसवी वर्ष काढायचे तर 590 मिळवावेत की 591, हे महिना कळल्याशिवाय ठरत नाही. दिवस-महिना-वर्ष मागणारा रकाना समोर आला की नोंद करणाऱ्याला काहीतरी गृहीत धरावे लागते आणि तो अंदाज पुढे पुरावा बनतो.

संगणकाच्या भाषा-प्रदेशविषयक जागतिक संग्रहात भारताचे राष्ट्रीय शक कॅलेंडर आहे, फसली नाही. म्हणून जुन्या नोंदींच्या प्रत्येक प्रणालीत दोन रकाने हवेत: एकात मूळ कागदावरची तारीख जशीच्या तशी, सनाच्या नावासह, आणि दुसऱ्यात तिचा इसवी अर्थ, जो ‘1907 ते 1908’ असा पल्लाही असू शकेल. या शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना प्रकल्पाच्या चाचणीसाठी याच तारखा द्याव्यात: 1 जून, 2 जून, 01/06 आणि 1317 फसली.