एकदाच ऐकू आलेला ग्रह

गंगापूरच्या शाळकरी पोरांच्या मोबाइलवर दूरच्या ग्रहांची चित्रं फिरतात: नारिंगी ढग, कडाडणाऱ्या विजा. चित्रं झकास असतात. पण ती चित्रकाराने अंदाजाने रंगवलेली आहेत, हे पुढे पाठवणारा सांगत नाही.

हॅट-पी-११बी हा असाच एक वायुग्रह. हंस तारकासमूहात, सुमारे १२० प्रकाशवर्षांवर. आकार नेपच्यूनच्या आसपास. वर्ष जेमतेम ५ दिवसांचं. २००९ मध्ये नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटीने, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या दुर्बिणीने, त्या दिशेकडून एक क्षीण रेडिओ संकेत टिपला. ग्रह ताऱ्याआड गेला आणि संकेतही थांबला. मग तो ग्रहाचाच असणार? पुढे काहींनी तिथे विजा चमकत असाव्यात, असाही तर्क केला.

मात्र नोव्हेंबर २०१० मध्ये पुन्हा कान लावला, तर काहीच नाही. संशोधकांनी २०१३ च्या निबंधात दोन्ही नोंदी छापल्या आणि शीर्षकात ‘शोध’ न म्हणता नुसता ‘सुगावा’ म्हटलं. असं धाडस दवाखान्यातही हवं. धावतपळत आलेल्या माणसाचं बीपी एकदा १५० भरलं की नातेवाइकांना लगेच गोळी हवी असते. ५ मिनिटं बसवून पुन्हा मोजणारा, परत दुसऱ्या दिवशी बोलावणारा डॉक्टर त्यांना कच्चा वाटतो. वेगवेगळ्या दिवशी मोजल्याशिवाय केसपेपरवर ‘रक्तदाब’ लिहू नये. आकडा फारच वर असेल किंवा छातीत दुखत असेल, तर गोष्ट वेगळी.