पंपाआधी बुंधा पाहा

पेडणे-डिचोलीत काजूला मोहोर आला की परसातही फवारणीचा पंप निघतो. पालकहो, आधी झाड नीट पाहा. कोवळी पालवी व मोहोर करपल्यासारखा काळा पडला असेल, तर तो रस शोषणाऱ्या ढेकण्याचा उपद्रव. बुंध्याशी भुसा व डिंक दिसला, तर खोडकिडा. त्याची अळी सालीखाली असते. ती हातानेच काढावी लागते. आठवड्यातून एकदा बुंधा पाहण्याचे काम मुलांना द्या.

पाने जोडून बांधलेली हुमल्यांची घरटी जाळू नका. हुमले चावतात खरे, पण ढेकण्यांनाही तेच खातात.

केरळात कासरगोडच्या काजूबागांवर याच ढेकण्यासाठी सुमारे २० वर्षे हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. २००० साली ते थांबले, २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि २०१७ साली तेथील पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला.

आपल्या परसात विहीर आहे, मुले खेळतात. फवारणे भागच असेल, तर आधी कृषी कार्यालयात विचारा. चार बिया कमी मिळाल्या तरी चालेल.

– मुख्याध्यापक